मराठी शॅडो फॉन्ट विकत घेताना मी असा फसलो

साताऱ्यात आमचं पाट्या आणि रेडियम कटिंगचं दुकान आहे. वडील ऑइल पेंटने पाट्या रंगवायचे. अक्षराला बारीक कडा आणि उजवीकडे खाली पडलेली सावली, ही त्यांची ओळख. गेल्या दिवाळीआधी एका मिसळवाल्याने तसंच जुन्या वळणाचं अक्षर मागितलं. हाताने काढायला वेळ नव्हता. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात दिसली: 'रेट्रो मराठी शॅडो फॉन्ट, युनिकोड, १,४९९ रुपये.' चित्रातले 'बहर', 'कमल', 'नवरस' हे शब्द इतके देखणे होते, की मी लगेच क्यूआर कोडवर पैसे पाठवले.

फाइल आली. 'खऱ्या चवीची मिसळ' टाइप केलं. 'चवीची'ला कडा आणि सावली होती, पण 'ऱ्य' मात्र काळाकुट्ट, भरीव. किरकोळ चूक असेल असं समजून तेवढं अक्षर मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः काढलं आणि काम प्लॉटरला, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनला लावलं. इथेच चुकलो.

आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना जोडलेली असतात. प्रत्येक अक्षराची कडा वेगळी बंद केली, की दर सांध्यावर शिरोरेषेच्या पोटात एक उभी रेघ उमटते. शिवाय एका अक्षराची सावली पुढच्याच्या अंगावर चढते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यामुळे तिथे निदान शिरोरेषेचा हा त्रास नसतो. स्क्रीनवर लहान आकारात ती रेघ मला दिसलीच नाही. प्लॉटरने मात्र इमानदारीने प्रत्येक रेघ कापली. सोलायला घेतल्यावर शिरोरेषेचे तुकडे हातात आले. लाल रेडियम वाया गेलं आणि गिऱ्हाईकाचा मुहूर्तही चुकला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

विकणाऱ्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, 'वेल्ड करून घ्या सर.' वेल्ड म्हणजे एकमेकांना टेकलेले आकार जोडून एक करणं. वेल्ड करून ती रेघ जात नाही, कारण ती दोन्ही अक्षरांच्या कडेचाच भाग असते. जाहिरातीतले शब्द फॉन्टमधून आलेच नव्हते, कुणीतरी ते हाताने जुळवून काढले होते.

मग फाइल फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आत मूळ नाव तसंच होतं: यात्रा वन. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला हा देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. या माणसाने फक्त सुट्या अक्षरांवर कडा-सावली चढवली होती, जोडाक्षरांना हातही लावला नव्हता. म्हणून 'ऱ्य' भरीव राहिला. या फॉन्टच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली बदल करायला मुभा आहे, पण नुसता फॉन्ट विकायला नाही. म्हणजे ज्यांनी तो कष्टाने घडवला, त्यांनाही यात फसवलं गेलं.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, रक्कम अजून आलेली नाही.

असा फॉन्ट घेणार असाल, तर आधी तुमच्या पाटीचाच मजकूर त्यांच्याकडून टाइप करून मागा: 'कुऱ्हाड', 'श्री', 'लक्ष्मी', 'पट्टी'. चित्र नको, पीडीएफ मागा आणि ती मोठी करून शिरोरेषेचे सांधे बघा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. फॉन्टचं नाव नवीन, किंमत ९९९. शब्द तेच: बहर, कमल, नवरस. एकही जोडाक्षर नाही.