कार्बोरेटर साफ करायला स्प्रे की अल्ट्रासॉनिक मशीन? दोन्ही वापरून झाल्यावर

घरी दोन कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) गाड्या आहेत, वडिलांची स्प्लेंडर आणि माझी २००८ ची पल्सर १५०. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं त्यामुळे नवी गाडी असेल तर हा विषय बहुधा तुमचा नाहीच, पण ज्यांच्याकडे जुनी आहे आणि विकायची नाहीये त्यांना आज ना उद्या हा प्रश्न पडतोच, की स्प्रेचा डबा आणून भागवायचं का सरळ मशीन घ्यायचं. मी पाच-सहा वर्षं स्प्रेवर काढली आणि आता दोन वर्षं मशीन वापरतोय, म्हणून लिहितोय.

आधी स्प्रेबद्दल, कारण तो वाईट नाहीये. तीनशे-साडेतीनशेला डबा मिळतो, दोन-तीन वेळा पुरतो, फ्लोटच्या वाटीत (कार्बच्या तळाशी पेट्रोल साठतं ती) साचलेला तपकिरी चिकटा समोर बघता बघता विरघळून जातो आणि अर्ध्या तासात कार्ब परत गाडीवर. गॅरेजमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी पेट्रोलच्या ट्रेमध्ये ब्रशने धुतात, क्लचवायरचा एक केस काढून जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) घालतात आणि हवा मारून बसवून देतात, त्यापेक्षा स्प्रे कधीही बरा. तो वायरचा केस तेवढा टाळा. कीहिन कंपनीच्या कार्बमधल्या पायलट जेटवर, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या जेटवर, ३५ आकडा असेल तर ते भोक ०.३५ मिलिमीटरचं असतं, त्यात स्टीलची तार फिरवली की पितळ घासलं जातं आणि मग ते ३५ चं राहत नाही, गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते आणि आपण दोष देतो दुसऱ्याच कशाला तरी.

स्प्रेचा त्रास म्हणजे रबर. मिक्स्चर स्क्रूच्या टोकाला मोहरीएवढी रबरी ओ-रिंग असते, ती आतच राहिली आणि स्प्रे बसला की फुगते, मग परत बसत नाही. पल्सरच्या कार्बमधला डायफ्रॅम, म्हणजे पातळ रबरी पडदा, तर काढून लांबच ठेवायचा. आणि चष्मा किंवा गॉगल लावल्याशिवाय मारू नका, एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात येतो, हे मी अनुभवाने सांगतोय. घरात तर मारूच नका, गॅस किंवा देवघरातला दिवा चालू असताना अजिबातच नको.

पण माझं मन स्प्रेवरून उडालं ते यातल्या कशामुळेच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पल्सर अडीच महिने उभी होती. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल भरपूर असतं, २०२३ पासून ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या वाटीत पूर्वी नुसता चिकटा असायचा तिथे आता पांढरट हिरवट खरपुडी धरते. गणपतीच्या आधी चालू केली तर आयडलिंगला ठीक, पण ॲक्सिलरेटर जरासा दिला की बसायची, म्हणजे सिग्नलला क्लच सोडताना हमखास बंद. कार्ब काढला, स्प्रे मारला, सगळीकडून स्प्रे बाहेर येतोय हे बघितलं, समाधानाने बसवला. फरक थोडा पडला, चार दिवसांनी परत तेच. परत काढला. परत तेच. असं तीनदा झालं आणि तिसऱ्या वेळेला वाटीच्या स्क्रूचं डोकं गेलं. हे स्क्रू जपानी मापाचे असतात, दिसायला आपल्या फिलिप्ससारखेच पण खाच वेगळी, त्यामुळे साधा स्क्रू ड्रायव्हर चढतो आणि डोकं खातो. शेवटी फिटरकडे गेलो, त्याने बघितलं आणि म्हणाला, "दादा, सारखं सारखं उघडू नका हो, हा स्क्रू आता पक्कडीनेच काढायला लागणार."

चौथ्या वेळेला मात्र जरा वेगळं केलं. बटरफ्लायच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर दिला की उघडणाऱ्या चकतीच्या, काठाशी, कार्बच्या तोंडात आतल्या बाजूला, बायपासची बारीक भोकं असतात एका ओळीत, ॲक्सिलरेटर जरासा दिला की पेट्रोल यातूनच येतं, माझ्या कार्बला तीन आहेत. कोरा कागद कापून आत वळवून धरला आणि पायलट जेटच्या बाजूने एकच छोटा फवारा मारला. कागद बाहेर काढला तर त्याच्यावर ओले ठिपके दोनच. मोबाईलचा टॉर्च लावून वडिलांच्या भिंगातून बघितलं तेव्हा तिसऱ्या भोकात पिवळसर काहीतरी बसलेलं दिसलं, सुईच्या टोकाएवढंसुद्धा नाही. तेव्हा कळलं की एवढे दिवस काय चाललंय. स्प्रेला दोन वाटा मोकळ्या मिळाल्या की तो तिसरीकडे जोर कशाला लावेल? मोकळ्या वाटेनेच निघून जातो, आपल्याला बाहेर येताना दिसतो आणि आपण म्हणतो साफ झालं. हवेचं पण तेच, पंक्चरवाल्याकडे जाऊन कितीही हवा मारली तरी ती मोकळ्या भोकातूनच जाते. चुकीचा दिलासा मिळतो आणि मग पुढच्या आठवड्यात परत तीच सगळी उघडाउघड, माझ्या दृष्टीने स्प्रेची खरी अडचण ही आहे.

मशीनमध्ये हा भाग वेगळ्या तऱ्हेने होतो. तळाला चिकटवलेले ट्रान्सड्युसर, म्हणजे विजेवर थरथरणारे तुकडे, साधारण ४० किलोहर्ट्झने पाणी हलवतात, त्यातून अतिबारीक बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि घाण जागच्या जागी सुटते, जिथे पाणी पोचलंय तिथे सगळीकडे, भोक मोकळं असो की अर्धं बुजलेलं. जोराने ढकलायचं नसल्यामुळे मोकळ्या वाटेचा प्रश्नच येत नाही. फक्त पाणी पोचलं पाहिजे, हे महत्त्वाचं. कार्ब तसाच सोडला की आतल्या नळीत हवा अडकते आणि तेवढा भाग कोराच राहतो, म्हणून मी पाण्यात बुडवल्यावर तो हातात धरून दोन-तीनदा कलंडतो, बुडबुडे यायचे थांबले की मग जाळीत ठेवतो, आणि निम्म्या वेळाने बाजू बदलतो. जाळीतच ठेवायचा, तळावर डायरेक्ट टेकवला की मशीनच खराब होतं.

माझं मशीन तीन लिटरचं आहे, ऑनलाईन साडेसात हजाराला पडलं. दोन लिटरचं स्वस्त होतं पण त्यात पल्सरचा कार्ब कसाबसा मावला असता आणि फिरवायला जागा उरली नसती. चष्मे आणि दागिने धुवायची दीड-दोन हजारवाली छोटी मशीनं येतात त्यांच्या नादाला लागू नका, जेट स्वच्छ होतील पण बॉडी आत जाणारच नाही. नवीन मशीन आलं की घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा मिनिटभर पाण्यात लटकवून बघा, त्याला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर मशीन काम करतंय, नाहीतर लगेच परत पाठवा.

पाण्यात काय घालायचं यावर मी थोडा घोळ घातला होता. लिंबूसत घातलं की पितळी जेट सोन्यासारखे निघतात, पण बॉडीचा धातू ॲसिडने खाल्ला जातो, म्हणून जेट वेगळे आणि बॉडी वेगळी. कडक डिग्रीझरमध्ये (तेलकट घाण काढणाऱ्या द्रावणात) स्प्लेंडरची बॉडी चाळीस मिनिटं ठेवली तर ती काळपट पडली आणि तो रंग अजून गेलेला नाही, गाडी चालते व्यवस्थित पण बघून वाईट वाटतं. आता मी सौम्य डिग्रीझर थोडाच घालतो, पाणी पन्नासच्या आसपास गरम, दहा मिनिटं मशीन नुसतं चालवून पाण्यातली हवा काढतो, मग बॉडी दहा-दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी. नंतर साध्या पाण्याने धुवून लगेच हवा मारून कोरडा करायचा, ओला ठेवला की परत पांढरं धरतं. म्हणजे हवेची गरज मशीन घेऊनही सुटत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि कृपा करून मशीनमध्ये पेट्रोल किंवा थिनर ओतू नका. काही जण ओततात, लवकर साफ होतं म्हणतात. खाली वीज, वर उघडी टाकी, त्यात हीटर, आणि पेट्रोलची वाफ साध्या थंड हवेतसुद्धा पेट घेते. घरात लहान मुलं असतात हो.

मशीनची कटकट पण सांगतो. आवाज. सतत चरचर असते, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडत राहिल्यासारखी, त्यात एक बारीक शिट्टीसारखा सूर मिसळलेला, वीस मिनिटं शेजारी बसवत नाही. मी गॅलरीत लावून दार ओढून घेतो. आणि स्प्रेचं काम अर्ध्या तासाचं, तर याला पाणी तापवण्यापासून धरून दोन तास जातात, त्यामुळे रविवारच लागतो.

तर पल्सरचा तो कार्ब मशीनमधून काढल्यावर मी परत कागद धरला आणि स्प्रे मारला. तीन ठिपके. त्यानंतर दोन पावसाळे गेले, वाटी एकदाच उघडली आहे, तीसुद्धा नुसती बघायला.

सगळ्यांनी मशीन घ्या असं माझं म्हणणं नाही. गाडी एकच आहे आणि रोज चालते, तर स्प्रे आणि तो कागदाचा प्रयोग एवढं पुरेल असं मला वाटतं, आणि अगदीच अडलं तर मशीन ठेवणारी गॅरेजं आता बऱ्याच गावात आहेत, कार्ब काढून घेऊन गेलात तर तीन-चारशेत करून देतात. पण गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, किंवा घरात माझ्यासारख्या दोन असतील, तर मशीनचे पैसे वसूल होतात असा निदान माझा तरी अनुभव आहे. भाऊबंदांचे, मित्रांचे कार्ब पण येतात मग आपसूक, या दिवाळीत चार झाले.

काहीही घेतलंत तरी त्याच्याबरोबर जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर नक्की घ्या, आणि पावसाळ्याला गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून तेवढं पेट्रोल काढून टाका. आणि टाकीत एकदा टॉर्च मारून बघा, आत गंज असेल तर आधी टाकी साफ करा, कार्ब नंतर.