बटणांचा फोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्मार्टफोन कपाटात ठेवून बटणांचा ४जी फोन वापरायला घेतला, त्याला आता आठ महिने झाले. मुद्दाम ४जी घेतला, कारण माझे कार्ड जिओचे आहे आणि त्यांचे जाळे २जीवर चालतच नाही. बॅटरी चार दिवस सहज पुरते, आवाज खणखणीत येतो आणि विजेरी तर जुन्या फोनपेक्षाही चांगली आहे. कॅमेरा आहे, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

खरा बदल झाला तो लिहिण्यात. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० चिन्हेच मावतात. रोमन लिपीत मात्र १६०. शिवाय काना, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात, त्यामुळे डोळ्यांना दोनच अक्षरांचा दिसणारा ‘उद्या’ हा शब्द पाच चिन्हे खातो. एकेक बटण तीन-चार वेळा दाबून निरोप लिहिताना मी आपोआप मोजके लिहू लागलो आणि पुष्कळदा, एवढे टंकण्यापेक्षा बोललेले बरे, असे वाटून सरळ फोन लावू लागलो. ज्या मामांशी वर्षभर केवळ ‘सुप्रभात’च्या चित्रांची देवाणघेवाण होत होती, त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरल्याचे मला अशाच एका फोनवर कळले.

पैशांचे व्यवहार मात्र त्रासाचे ठरले. इंटरनेटशिवाय यूपीआयने पैसे पाठवण्यासाठी फोन लावून आकडे दाबत जाण्याची सोय आहे. पण भाजीवालीसमोर उभे राहून आकड्यांच्या पर्यायांतून वाट काढेपर्यंत मागच्या गिऱ्हाइकाची कोथिंबीर निवडून होते. त्यामुळे खिशात पुन्हा सुट्टे पैसे आले.

एक गोष्ट मान्य करायला मला बराच वेळ लागला. मुलाच्या शाळेचा व्हॉट्सॲप गट, सोसायटीच्या टँकरची सूचना, नातेवाइकांच्या लग्नाचे ठिकाण, हे सगळे मला मिळेनासे झाल्यावर बंद पडले नाही, तर पत्नीच्या फोनवर जाऊ लागले. ती स्वयंपाक करता करता मला वाचून दाखवत असे आणि मी मात्र मित्रांना माझ्या एकाग्रतेच्या गोष्टी सांगत असे. सहाव्या महिन्यात मुलाची चित्रकलेची वही न्यायची राहिली, तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या फोनचे काम मी किती दिवस करू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून रोज रात्री जेवण झाल्यावर जुना स्मार्टफोन घरच्या वायफायवर अर्धा तास सुरू करतो आणि शाळेचा गट स्वतः वाचतो. सोसायटीची सूचना दुपारी आली तर ती अजूनही पत्नीलाच आधी कळते, त्यावर उपाय सापडलेला नाही. बटणांचा फोन मी सोडणार नाही. परंतु कोणी हा प्रयोग करणार असेल, तर आपले निरोप यापुढे कोणाच्या फोनवर जाणार आहेत, हे त्या व्यक्तीला आधी विचारून घ्यावे.