डॉक्टरकडून चूक झालीये असं वाटतंय, मग जायचं कुठे? ग्राहक आयोग, मेडिकल कौन्सिल की पोलीस

पेशंट गेला की घरातलं कोणीतरी तावातावाने म्हणतं केस टाकू, पण कुठली ते कोणालाच माहीत नसतं. काकूच्या वेळी आमचंही तेच झालं.

पैसे परत हवेत, नुकसानभरपाई हवी तर सरळ ग्राहक आयोग. १९९५ साली सुप्रीम कोर्टानेच डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेक सगळे इथेच, आणि ५ लाखांपर्यंत फी पण नाही. वकील सक्तीचा नाही (तरी घ्या, समोरचा आणतोच). मुदत मात्र २ वर्षं. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी हॉस्पिटल असेल तर हा रस्ता बंद. आणि वेळ लागतो हो, अनुराधा साहा नावाच्या पेशंट १९९८ ला वारल्या, त्यांच्या नवऱ्याला साधारण ६ कोटींचा निकाल मिळाला तो २०१३ ला.

मेडिकल कौन्सिल एक रुपया मिळवून देत नाही. ते डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काही काळ बंद करू शकतात किंवा कायमचं काढू शकतात, तेही ॲलोपॅथीवाल्यांचंच, आयुर्वेद होमिओपॅथीची कौन्सिलं वेगळी. शिवाय तक्रार डॉक्टरवर होते, हॉस्पिटलवर नाही.

पोलिसांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, रागात जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०६ मध्ये डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर साधी चूक पुरत नाही, घोर हलगर्जीपणा दिसावा लागतो आणि त्यावर आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यावं लागतं. भूलतज्ज्ञ नसताना ऑपरेशन केलं वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

कुठेही जा, आधी केस पेपर हातात घ्या. लेखी मागितले की ७२ तासांत द्यायचे असा नियम आहे. आम्ही तोंडी मागत राहिलो आणि काउंटरवरची बाई म्हणायची सर नाहीयेत, उद्या या, असे चार उद्या झाले. पाचव्या दिवशी दोन प्रतीत अर्ज दिला, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मारून घेतली, आणि संध्याकाळी फोन आला की झेरॉक्स तयार आहेत!! त्यात नर्सिंग चार्ट नव्हता, तो परत मागावा लागला.

मी काकांना आयोगच सांगत होतो. ते म्हणाले पैसे घेऊन काय करू, त्या माणसाने पुन्हा कोणाचं असं करू नये बस, आणि कौन्सिलला अर्ज टाकून मोकळे झाले. दोन्हीकडे जाता येतं, पण कौन्सिलमध्ये काम चालू आहे म्हणून आयोगाची २ वर्षं काही थांबत नाहीत. आमची या दिवाळीत संपतायत, म्हणून सध्या दर रविवारी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसतोय.