मायनस सव्वापाच नंबर आणि कराटे: पट्ट्याचा चष्मा आठ महिने वापरल्यानंतर

माझा नंबर उजव्या डोळ्याला मायनस ५.२५ आणि डाव्याला मायनस ४.७५. मागच्या जूनमध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, पुण्यात घराजवळच्या कराटे आणि स्वसंरक्षणाच्या क्लासला जायला लागले. सुरुवातीला रोजचाच, धातूच्या बारीक फ्रेमचा चष्मा घालून जायचे. ऑगस्टमध्ये जोडीच्या सरावात समोरच्या मुलीचा तळहात जरा वर आला आणि नाकावरच्या पॅडची तार नाकाच्या बाजूला घुसली. जखम छोटी होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोटभरही लांब नव्हती. "ताई, डोळ्याला नाही ना लागलं?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. त्याच आठवड्यात खेळाचा, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला नंबरचा चष्मा बनवायला टाकला. त्याला आता आठ महिने झाले.

आधी काचेविषयी. काच पॉलिकार्बोनेटचीच हवी, हे दुकानात स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहून घ्या. रोजच्या चष्म्याच्या साध्या प्लास्टिक काचेवर जोरात काही आदळलं तर ती फुटून तुकडे डोळ्यात जाऊ शकतात. पॉलिकार्बोनेट मार बराच जास्त सोसतं. त्याची एक खोड मात्र आहे. काचेच्या कडेने पाहिलं की ट्यूबलाइटच्या काठांना निळसर-पिवळी रेघ दिसते. जास्त नंबरवाल्यांना हे जास्त जाणवतं. मला सवय व्हायला दहा दिवस लागले.

माझी पहिली जोडी चुकली होती. दुकानदाराने जुन्या चिठ्ठीवरून काचा बसवल्या, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर नव्याने मोजलंच नाही. त्यात ही फ्रेम चेहऱ्याला वळसा घालणारी. पंधरा मिनिटांत डोकं दुखायचं, फरशी उचलल्यासारखी वाटायची, मावाशी गेरी (बाजूने फिरवून मारायची लाथ) मारताना टेकलेल्या पायावर तोल राहायचा नाही. काचा बदलून मिळाल्या, पण त्यात दोन आठवडे गेले. म्हणून चार नंबरच्या पुढे असाल तर मोजमाप ती फ्रेम डोळ्यांवर घालूनच करून घ्या. काच डोळ्यापासून किती अंतरावर बसते त्यावर या नंबरात फरक पडतो.

चष्मा एकदा नीट बसल्यावर मात्र हलत नाही. किहोन (मूलभूत हालचाली), काता (ठरावीक हालचालींची मालिका), फोकस मिटवर (जोडीदाराच्या हातातल्या गादीवर) ठोसे, पुढची कोलांटी या कशातही एकदाही निसटला नाही. पूर्वी दर चार ठोशांनंतर बोटाने चष्मा वर ढकलायची सवय होती आणि तेवढ्या वेळापुरता एक हात बचावातून जायचा. ती सवय सुटली, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. पट्टा वेणीच्या वरून घ्यावा, अंबाड्यावरून घेतला की सरकतो.

वाफेने मात्र फार छळलं. आमचा हॉल पत्र्याच्या छताचा, पावसाळ्यात दमट. काच चेहऱ्याला जवळ असल्यामुळे वॉर्मअप संपायच्या आत धुकं धरायचं. विकतच्या स्प्रेचा परिणाम अर्धा तास टिकतो. भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब चोळून, धुऊन, मऊ कापडाने टिपलं तरी जवळपास तेवढाच उपयोग होतो. गीच्या (कराटेच्या पोशाखाच्या) बाहीने काच पुसू नका. माझ्या उजव्या काचेवर त्याचे ओरखडे कायमचे राहिलेत.

दुसरी अडचण बाजूच्या नजरेची. जाड काळ्या कडेमुळे कानाकडून येणारी लाथ उशिरा दिसते. कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढायच्या सरावात (स्पारिंग), मी दोनदा गालावर खाल्ली, तेव्हा सरांनी मान थोडी फिरती ठेवायला शिकवलं. हेडगार्डखाली हा चष्मा गालाच्या हाडावर रुततो, त्यामुळे ते दोन्ही एकत्र वापरायचं मी सोडून दिलं.

स्पारिंगला आता एका दिवसाच्या, वापरून फेकायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, घरी गेल्यावर लगेच काढायच्या, यात मी तडजोड करत नाही. कुमितेच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांत चष्म्याला मनाई आहे. मऊ लेन्स स्वतःच्या जबाबदारीवर चालतात. ज्यांचं ध्येय स्पर्धा आहे त्यांनी चष्म्यावर मोठा खर्च करण्याआधी हे लक्षात घ्यावं.

नंबर घालवायच्या ऑपरेशनचा विचारही केला होता. लॅसिकमध्ये बुबुळावर पातळ झाकण कापतात आणि डोळ्याला मार लागला तर ते पुढे कधीही सरकू शकतं. म्हणून अशा खेळाडूंसाठी झाकण न कापता होणारी पीआरकेसारखी पद्धत सुचवतात. मी तूर्त थांबले आहे. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासला. मायनस नंबर जास्त असलेल्यांचा पडदा ताणलेला असतो, तो सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक. तुमचा नंबर मोठा असेल तर क्लास सुरू करण्याआधी ही तपासणी खरंच करून घ्या. मार लागल्यावर डोळ्यांपुढे चमका, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. डिसेंबरमध्ये सर म्हणाले, "रस्त्यावर कोणी अंगावर आलं तर पहिला चष्माच उडणार. गुरुवारी चष्म्याशिवाय करायचं." पहिल्या दिवशी मला रडू फुटलं. मायनस ५ नंबरला स्पष्ट दिसतं ते फक्त २० सेंटिमीटरपर्यंत, पुढे चेहरे नुसते डाग. पण मनगटाची पकड, केसांची पकड, मागून घातलेली मिठी सोडवताना कळलं की तिथे नजर लागतच नाही. समोरच्याचं वजन कुठे आहे ते हातांना समजतं. लांबून येणाऱ्यासाठी खांद्यांची हालचाल पाहायची. धूसर असली तरी ती दिसते. पकडींच्या सरावात तसाही चष्मा नको. जानेवारीत माझ्या फ्रेमची कड जोडीदाराच्या भुवईवर आपटून तिला सूज आली होती.

चष्म्याला काचांसकट ३,४०० रुपये लागले, पट्टा एकदा बदलला. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच प्रकार घेईन, फक्त कड पातळ बघेन. सोमवार-मंगळवार तो, शनिवारी लेन्स आणि गुरुवारी काहीच नाही. गेल्या गुरुवारी मागून गळ्याभोवती आलेला हात मी पहिल्याच प्रयत्नात सोडवला, आणि तो कोणाचा होता ते जवळ जाऊन पाहिल्यावर कळलं.