ऱ्योआन-जी आधी पाहावे की साइहो-जी?

क्योतोत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुट्टीचा दिवस क्वचित मोकळा मिळतो आणि शिष्यवृत्तीतून उरलेले येनही जपून वापरावे लागतात, त्यामुळे बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या दोन झेन मंदिरांपैकी आधी कोठे जावे, हे विचारपूर्वक ठरवणे भाग असते. दोन्ही मंदिरे १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत; तिथे जाण्याची रीत मात्र अगदी वेगळी आहे.

ऱ्योआन-जीला पूर्वनोंदणी लागत नाही. रांदेन या ट्रामसारख्या रेल्वेच्या छोट्या गाडीने जाऊन थोडे चालले की मंदिर येते आणि प्रवेशशुल्क काहीशे येनच आहे. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद खडीच्या पटावर पंधरा दगड असे मांडले आहेत की ओसरीवर कोठेही बसले तरी निदान एक तरी दगड दुसऱ्याआड राहतो. छायाचित्रांत सहसा दुर्लक्षित राहते ती मागची भिंत: तेल मिसळलेल्या मातीची, ओघळांनी तांबूस-काळी झालेली. तीच मला सर्वांत सुंदर वाटते. दार उघडताच पोहोचावे, कारण नंतर ओसरी भरून जाते.

साइहो-जी खर्चिक आहे. १३३९ मध्ये झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी पुनरुज्जीवित केलेल्या या मंदिरात १९७७ पासून पूर्वनोंदणीशिवाय प्रवेश नाही आणि शुल्क काही हजार येन आहे. बागेत जाण्यापूर्वी बौद्ध सूत्रातील पुसट अक्षरे गिरवायची असतात, आणि वर्गात कांजी, म्हणजे जपानी लिपीतील चिनी चित्राक्षरे, घोटणाऱ्याला ती शांतपणे गिरवताना मिळणारा आनंद मोठा असतो. पुढे तळ्याभोवती शेवाळाचे सुमारे १२० प्रकार पसरलेले दिसतात. कोकणात वाढलेल्याला श्रावणातल्या चिऱ्याच्या गडग्यांची आठवण येईल. इथे मात्र पडलेली पाने हलक्या हाताने झाडून ते शेवाळ जपले जाते.

वर्षभर राहणाऱ्याने ऱ्योआन-जी आधी, निरनिराळ्या ऋतूंत पाहावे आणि साइहो-जीची नोंदणी जूनच्या पावसाळ्यासाठी करावी, असे माझे ठाम मत आहे. काही आठवड्यांसाठीच आलेल्याने मात्र उलट क्रम धरावा. साइहो-जीची तारीख आधी पक्की करावी, ऱ्योआन-जी कोणत्याही सकाळी जमते. भर हिवाळ्यात शेवाळाचा हिरवेपणा ओसरतो, तेव्हा एवढे पैसे साइहो-जीवर खर्च करू नयेत.