पील प्लाय: मुंबईच्या दमट हवेत पैसे वसूल करणारं कापड

पावसाळ्यात इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा चिकट द्रव) घट्ट झाली की अनेकदा तिच्यावर मेणचट साय धरते. हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं, त्याचा हा थर. त्यावर पुढचा थर किंवा रंग नीट धरत नाही. वर्सोव्याला शेडखाली होडीचं काम जूनमध्ये काढणार असाल, तर पील प्लाय घ्याच.

हे बारीक विणीचं नायलॉनचं कापड. इपॉक्सीने ओल्या असलेल्या फायबरग्लासवर अंथरून रोलरने दाबायचं, इपॉक्सी वर झिरपली पाहिजे. घट्ट झाल्यावर सावकाश ओढून काढलं की साय कापडासोबतच जाते आणि खाली खरखरीत पृष्ठभाग मिळतो. तरीही ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा हात फिरवावाच, कारण विणीचे खळगे चकचकीत राहतात.

कापड बिनलेपाचंच मागा, हे फार महत्त्वाचं. सिलिकॉनचा लेप असलेलं अलगद सुटतं खरं, पण अंश मागे सोडतं आणि पुढचा जोड कच्चा राहतो. रंगीत धागा विणलेलं मिळालं तर उत्तम; तुकडा चुकून थरांत राहत नाही. गोलाईवर सुरकुत्या पडतात, तिथे अरुंद पट्ट्या लावा. कडेला इपॉक्सीचा बांध उरतो, तो घासावाच लागतो.

कापड न लावलेल्या जागी आधी साधं पाणी आणि हिरवी घासणी, मगच पॉलिश पेपर. उलट केलंत तर ती मेणचट साय ओरखड्यांत दाबली जाते. थिनरच्या भरवशावर राहू नका. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब जमले तर पुन्हा धुवा.