जप काउंटरवर गरुड मोजले: स्टीलचं घ्या, बोटातलं नका घेऊ

नागपूरच्या टेकडी गणपतीला गेलात तर बाहेर फुलं-नारळाच्या दुकानांत जप मोजायचं मशीन मिळतं, माहितीच असेल. दोन प्रकार आहेत, एक स्टीलचं गोल, वर खटका आणि चार आकडे, आणि दुसरं प्लास्टिकचं बोटात अंगठीसारखं घालायचं, छोट्या स्क्रीनवालं. मी दोन्ही घेतले, स्टीलचं १८० ला आणि बोटातलं ५० ला. दुकानातले काका म्हणे रोजच्या किती माळा करता भाऊ, मी म्हटलं जप नाही काका, नेपाळात जाऊन गरुड मोजायचेत. दोन सेकंद पाहून राहिले माझ्याकडे, मग म्हणे विष्णूचंच वाहन आहे, न्या.

तर हा रिव्ह्यू जपाचा नाही, जपाचं कुणी दुसरं सांगेल.

पोखऱ्याजवळ कांदे गावाच्या वर थुलाखर्क म्हणून जागा आहे, ऑस्ट्रेलियन कॅम्प नावाच्या ट्रेकवाल्यांच्या मुक्कामाच्या बाजूलाच, उंची साधारण दोन हजार मीटर. तिथे २०१२ मध्ये शरदातल्या शिकारी पक्ष्यांची पद्धतशीर मोजणी झाली आणि तेव्हापासून ती जागा पक्षीवाल्यांमध्ये फेमस आहे. नागपूरहून गोरखपूरची गाडी, पुढे सुनौली बॉर्डर, मग बस, कंबर मोडते पण पोचतो माणूस. आपल्याला वाटतं थंडीत पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ खाली येतात, इथे तसं नाही, स्टेप ईगल नावाचे गरुड हिमालयाच्या कडेकडेनं पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. म्हणजे उत्तरेला मच्छापुच्छ्रे शिखराकडे तोंड करून बसलं की उजवीकडून येतात आणि डावीकडे निघून जातात. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात, तेव्हा जा.

आता मशीनवर येतो. सकाळी काहीच नसतं, चहा प्या. ऊन चढून डोंगराचा उतार तापला की गरम हवा वर उठते आणि गरुड तिच्यात गोल गोल फिरत वर चढतात, पंख हलवायची गरजच नाही. हा भोवरा फिरत असताना मोजायचंच नाही, एकच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचले की एकामागून एक रांगेत घसरत पुढच्या डोंगराकडे निघतात, मोजायचं ते तेव्हा. डोळे दुर्बिणीतून हलवायचे नाहीत, अंगठा आपोआप चालला पाहिजे, आणि इथेच स्टीलचं मशीन जिंकतं. खटका दाबला की कट् असा आवाज येतो, बोटाला झटका कळतो, मोजलं गेलं म्हणजे गेलं. शून्य करायला बाजूची चावी फिरवावी लागते, त्यामुळे चुकून शून्य होत नाही.

बोटातल्याचं काय सांगू बाप्पा. मोठ्या बटणाच्या शेजारीच रिसेटचं बारकं बटण, आणि थंडीत हातात लोकरीचा मोजा. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सलग रांग चालू होती, मी दाबून राहिलो दाबून राहिलो, खाली पाहिलं तर स्क्रीनवर ६. सहा! सकाळपासूनचं सगळं गेलं. वरून थोडा वेळ हात नाही लावला की स्क्रीन झोपते, मग पुढचं पहिलं दाबणं मोजलं की फक्त तिला उठवलं तेच कळत नाही. शेजारी बसलेल्या नेपाळी दाईंनी (दाई म्हणजे तिकडे मोठा भाऊ) त्यांची वही दाखवली, ते दर तासाला आकडा लिहून ठेवतात, मशीन मेलं तरी एकच तास जातो. तेव्हापासून मी पण तेच करतो आणि तुम्ही मशीन कुठलंही घ्या, वही पाहिजेच.

स्टीलच्यात खोट नाही असं नाही. सकाळी गार पडतं, मोज्यातूनही बोटाला झोंबतं. आणि एका मशीनवर एकच जात मोजता येते, सापमार गरुड नाहीतर भोवत्या नावाचा शिकारी पक्षी आला की तो लक्षात ठेवायचा आणि नंतर वहीत. मी स्टीलची दोन घ्यायला पाहिजे होती, उजव्या हातात स्टेप ईगल आणि डाव्या हातात बाकी सगळे. गिधाडांसाठी तर लावूच नका, ती तिथल्या तिथेच घिरट्या घालतात, परत परत येतात, मोजून मोजून येडे व्हाल.

जायच्या आधी सराव मात्र करा. मी भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डावर नाकाला रुमाल बांधून घारी मोजल्या, तिथे त्या इतक्या असतात की अंगठा दुखतो, आणि लोक विचारतात भाऊ काहून उभा आहेस इथं, महानगरपालिकेतून आला का.

स्टेप ईगलला २०१५ पासून जगात धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलंय, म्हणून हा आकड्यांचा एवढा कीस काढला. ५० रुपयांच्या बटणापायी सकाळभराचे पक्षी जातात तेव्हा जीवाला लागते.

स्टीलचं पाचपैकी साडेचार. बोटातलं एक, तेही रंग चांगला आहे म्हणून. ते आता आईनं घेतलंय, ती १०८ च्या वर जात नाही, तिची काही तक्रार नाही.